धागा: फायरफॉक्सची एक्स्टेन्शन्स एका रात्रीत बंद पडली (मूळ सर्टिफिकेटची मुदत, १४ मार्च २०२५)

पाटीपेन्सिल | १५ मार्च २०२५, सकाळी ८:५०

जुन्या फायरफॉक्समधली एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम; त्यांना आणि थीमना मिळून अ‍ॅड-ऑन म्हणतात) कालपासून बंद पडली असतील तर आधी हे वाचा. तोवर कशालाही हात लावू नका, आणि 'काढून टाका' हे बटण तर मुळीच दाबू नका. एक्स्टेन्शन बंद असलं तरी त्याची माहिती, म्हणजे फिल्टर, स्क्रिप्ट, नोंदी, प्रोफाइलमध्ये (तुमचा सगळा डेटा ठेवणाऱ्या फोल्डरमध्ये) जशीच्या तशी असते. ते काढलंत की तीही जाते.

लक्षणं अशी: वर पिवळी पट्टी येते की एक किंवा अधिक अ‍ॅड-ऑन पडताळता आले नाहीत, म्हणून बंद केले आहेत. अ‍ॅड-ऑनच्या पानावर त्या एक्स्टेन्शनसमोर तसाच मजकूर असतो आणि चालू करायचं बटण चालत नाही. जाहिराती दिसू लागतात, थीम मूळच्या रंगावर येते. काहींकडे संरक्षित व्हिडिओही थांबतील, ते याच कारणाने.

कारण एका ओळीत: प्रत्येक अ‍ॅड-ऑनवर मोझिलाची (फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेची) डिजिटल सही असते. ती सही ज्या मूळ सर्टिफिकेटवर (सही खरी असल्याच्या सर्वात वरच्या दाखल्यावर) टेकते, ते ब्राउझरच्या आतच कोरलेलं असतं आणि त्याची मुदत १४ मार्चला संपली. नवं मूळ सर्टिफिकेट फायरफॉक्स १२८ पासून, आणि ईएसआर (जास्त काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) ११५ च्या मालिकेत ११५.१३ पासून आत घातलेलं आहे. दोन्ही आवृत्त्या ९ जुलै २०२४ च्या. त्यापेक्षा जुनं काहीही असेल तर फटका बसणार. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे. आयफोन-आयपॅडवाल्यांना काही करायचं नाही.

तीन आडव्या रेघांचा मेनू, मग मदत, मग 'फायरफॉक्सविषयी'. तिथे आकडा बघा:

१२८ किंवा पुढे: तुमची अडचण दुसरी आहे, खाली लिहा.
११५.१३ ईएसआर ते पुढची ११५: तेच.
बाकी सगळे: अपडेट करा. बहुतेकांचं काम तेवढ्यावर होईल.

अडलात तर इथे आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि पट्टीवरचा मजकूर, तिन्ही लिहा. नुसतं 'चालत नाही' लिहून निदान होत नाही.

---

कंदील | सकाळी ९:२२

विंडोज ७, ३२ बिट, ११५.९ ईएसआर. 'फायरफॉक्सविषयी' उघडलं की अपडेट उतरतं, पुन्हा सुरू करायला सांगतं, आणि नंतर अपडेट अयशस्वी. दोनदा तेच. आता काय?

---

शेंदरीआंबा | सकाळी ९:४०

@कंदील, आतल्या अपडेटच्या मागे लागू नका. मोझिलाच्या 'सर्व डाउनलोड' पानावरून पूर्ण इन्स्टॉलर घ्या. तिथे निवड करताना चुकू नका: नुसतं फायरफॉक्स नाही, नुसतं ईएसआर नाही (ते आता १२८ चं आहे), तर 'ईएसआर ११५'. विंडोज ७, ८, ८.१ आणि मॅकओएस १०.१२ ते १०.१४ यांच्यासाठी तेवढी एकच मालिका उरली आहे. सध्या ११५.२१ मिळेल. विंडोज ३२ बिट निवडा, भाषेच्या यादीत मराठीही आहे.

इन्स्टॉल करण्याआधी दोन गोष्टी बघा.

१. विंडोज ७ वर मायक्रोसॉफ्टचा केबी ४४७४४१९ हा अपडेट बसलेला आहे का? नियंत्रण पॅनेलमध्ये 'बसवलेले अपडेट' या यादीत शोधा. २०१९ चा हा अपडेट विंडोजला शा-२ पद्धतीच्या सह्या ओळखायला शिकवतो. तो नसेल तर विंडोजला इन्स्टॉलरवरची सही कळत नाही आणि अपडेट मधेच नाकारलं जाऊ शकतं. तुमच्या 'अयशस्वी' मागे हेच असण्याचा संभव मला सर्वात जास्त वाटतो.

२. अँटिव्हायरसमध्ये 'एचटीटीपीएस तपासणी' चालू असेल तर तेवढ्यापुरती बंद करा. ती मधे स्वतःचं सर्टिफिकेट घुसवते आणि अपडेटची वाट अडते.

इन्स्टॉल करताना जुनं फायरफॉक्स अनइन्स्टॉल करायचं नाही. त्याच फोल्डरवर वरून बसवायचं. 'त्याच' वर जोर आहे, कारण त्यावरच प्रोफाइल ठरतं.

---

उंबरठा | सकाळी १०:०५

हा प्रकार २०१९ मध्येही झाला होता ना? तेव्हा तर काही न करता दुसऱ्या दिवशी आपोआप सगळं सुरू झालं होतं. मग यावेळी मोझिला तसंच का करत नाही? थांबून बघायला काय हरकत आहे?

---

पाटीपेन्सिल | सकाळी १०:४८

@उंबरठा, यावेळी थांबून काहीही होणार नाही. दोन्हीतला फरक नीट समजून घ्या, कारण उपाय त्यावरच ठरतो.

सह्यांची साखळी तीन कड्यांची असते. वर मूळ सर्टिफिकेट, त्याची खासगी किल्ली इंटरनेटपासून तोडलेल्या कुलूपबंद उपकरणात. मधे मधलं सर्टिफिकेट, रोजच्या सह्या देणारं. खाली प्रत्येक अ‍ॅड-ऑनचं स्वतःचं, सही करताना तयार होणारं. फायरफॉक्सला पक्कं माहीत असतं ते फक्त मूळ. बाकीची दोन अ‍ॅड-ऑनच्या फाइलमध्येच बांधून येतात. ही फाइल (एक्सपीआय) म्हणजे साधी झिप असते. तिची प्रत काढून उघडलीत तर 'मेटा-इन्फ' नावाच्या फोल्डरमध्ये सहीच्या फाइली दिसतील.

२०१९ मध्ये संपलं ते मधलं सर्टिफिकेट. भारतीय वेळेने ४ मेची पहाट. फायरफॉक्स सह्यांची फेरतपासणी दर २४ तासांनी करतो आणि प्रत्येकाची वेळ वेगळी असते, म्हणून कुणाचं सकाळीच बंद पडलं, कुणाचं रात्री. पंधरा हजारांहून जास्त अ‍ॅड-ऑन त्या सहीखाली होते. ते पुन्हा सही करून सगळ्यांपर्यंत पोचवायला फार वेळ लागला असता. म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली: मधल्या सर्टिफिकेटचं नाव तेच, सार्वजनिक किल्ली तीच, फक्त मुदत नवी. नाव आणि किल्ली जुळली की खालच्या सगळ्या जुन्या सह्या नव्या मधल्या सर्टिफिकेटवरही बरोबर उतरतात. एकाही अ‍ॅड-ऑनला हात लावावा लागला नाही. मूळ किल्ली कुलूपबंद असल्यामुळे एकाला प्रत्यक्ष त्या जागी जावं लागलं, आणि पहिल्या काही खेपांत सर्टिफिकेट हवं तसं निघालं नाही.

ते पोचवायला 'स्टडीज' (लोकांच्या ब्राउझरवर छोटे प्रयोग पाठवणारी) ही यंत्रणा वापरली. ती दर सहा तासांनी मोझिलाकडे विचारणा करते. ज्यांनी ती बंद ठेवली होती त्यांना ६६.०.४ येईपर्यंत थांबावं लागलं (५ मे, ईएसआरसाठी ६०.६.२). ज्यांचा मास्टर पासवर्ड (साठवलेल्या पासवर्डांना कुलूप लावणारा) होता त्यांच्यातल्या काहींचं तरीही सुटलं नाही. त्यांच्यासाठी दोन दिवसांनी ६६.०.५. त्या दुरुस्तीसाठी अनेकांनी स्टडीज चालू केलं होतं, म्हणून ४ ते ११ मे या काळात गोळा झालेली टेलिमेट्री (ब्राउझरच्या वापराची माहिती) मोझिलाने पुसून टाकली. हे योग्यच केलं असं माझं मत आहे.

यावेळी संपलं ते थेट मूळ. ते प्रोग्रॅमच्या आत बांधलेलं आहे, बाहेरून फाइल पाठवून बदलत नाही. शिवाय स्टडीज आणि मोझिलाचा दूरस्थ माहितीसाठा यांच्या सह्याही त्याच मुळावर टेकतात. म्हणजे ज्या वाटेने २०१९ मध्ये औषध आलं, ती वाटच जुन्या आवृत्त्यांत बंद झाली आहे. धोकादायक अ‍ॅड-ऑनची बंदीयादी आणि रद्द झालेल्या सर्टिफिकेटांची यादीही त्याच वाटेने येते. एक्स्टेन्शन वापरत नसलात तरी अपडेट करा असं मी म्हणतो ते यासाठी.

---

तिठा | सकाळी ११:१०

सोपा उपाय: कॉम्प्युटरची तारीख १ मार्चवर न्या. एक्स्टेन्शन लगेच चालू होतात. करून बघा.

---

शेंदरीआंबा | सकाळी ११:१९

@तिठा, कृपया हा सल्ला मागे घ्या. घड्याळ मागे नेलं की १ मार्चनंतर निघालेलं प्रत्येक वेबसाइटचं सर्टिफिकेट 'अजून वैध झालेलं नाही' ठरतं. लेट्स एन्क्रिप्टची (साइटना मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची) सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात आणि मुदतीच्या बऱ्याच आधी बदलली जातात, त्यामुळे रोज नव्या साइट लाल पान दाखवू लागतील. कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅपमधून निघणारे ३० सेकंदांचे ओटीपी जुळणार नाहीत. टॅलीतल्या नोंदींवर चुकीची तारीख पडेल. बॅकअपचा प्रोग्रॅम नव्या फाइलला जुनी समजेल. जाहिराती अडवण्यासाठी एवढं मोडू नका.

उलट्या बाजूचं एक लक्षात ठेवा. आवृत्ती नवी असूनही अ‍ॅड-ऑन पडताळता येत नाहीत असं दिसलं, तर आधी घड्याळच बघा. जुन्या मशीनची मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपली की बंद-चालू केल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. मग नवं सर्टिफिकेट 'भविष्यातलं' दिसतं. खूण अशी की त्याच वेळी बहुतेक साइटही सर्टिफिकेटची चूक दाखवतात. बॅटरी बदला, तारीख आणि टाइमझोन नीट करा, फायरफॉक्स पुन्हा सुरू करा.

---

निळीशाई | दुपारी १२:३०

विंडोज १०. फायरफॉक्स ११९ होतं. वरची चर्चा वाचून ईएसआर ११५ बसवलं. आता उघडलं की 'तुम्ही जुनी आवृत्ती उघडली आहे' असं सांगून नवं प्रोफाइल तयार करा म्हणतंय. केलं. बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन, सगळं कोरं. सगळं गेलं का?

---

पाटीपेन्सिल | दुपारी १२:४४

काहीही गेलेलं नाही. जुनं प्रोफाइल डिस्कवर तसंच आहे.

झालं असं की ११९ ने वापरलेलं प्रोफाइल ११५ ने उघडलं तर आतल्या डेटाबेसची मांडणी बिघडू शकते, म्हणून फायरफॉक्स स्वतःच अडवतो. ईएसआर ११५ विंडोज ७-८ आणि जुन्या मॅकसाठी. विंडोज १० ला त्याची गरज नाही. तुम्ही सरळ चालू फायरफॉक्स (१३६) किंवा ईएसआर १२८ बसवा.

मग पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:प्रोफाइल्स' इंग्रजीत टाइप करा. दोन किंवा तीन प्रोफाइल दिसतील. प्रत्येकाच्या खाली मूळ फोल्डरचा पत्ता असतो, शेजारी फोल्डर उघडायचं बटण. ज्या फोल्डरचा आकार शेकडो एमबी आहे ते तुमचं जुनं. त्याच्यासमोर 'डीफॉल्ट प्रोफाइल करा' दाबा, फायरफॉक्स बंद करून उघडा. सगळं जागेवर दिसेल. खात्री झाल्याशिवाय कोरं प्रोफाइल पुसू नका.

अडवणूक मोडून जुनी आवृत्ती जबरदस्तीने उघडायचा स्विच आहे, पण तो मी मुद्दाम इथे देत नाही. नव्या आवृत्तीची वाट मोकळी असताना त्याचं काम नाही.

---

शेंदरीआंबा | दुपारी १२:५८

वर म्हटलेलं 'त्याच फोल्डरवर' याचसाठी. फायरफॉक्स ६७ पासून प्रत्येक इन्स्टॉल-फोल्डरला वेगळं प्रोफाइल बांधलेलं असतं. आधी ३२ बिट होतं (प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६ मध्ये) आणि आता ६४ बिट घेतलं (प्रोग्रॅम फाइल्समध्ये) की फोल्डर बदलला, आणि ब्राउझर कोरा उघडला. लोकांना वाटतं डेटा उडाला. उपाय तोच, अबाउट:प्रोफाइल्स.

अजून एका बटणापासून लांब राहा: 'फायरफॉक्स ताजं करा'. मदतीच्या पानावर ते अगदी समोर असतं. ते बुकमार्क आणि पासवर्ड राखतं, पण एक्स्टेन्शन आणि त्यांची माहिती काढून टाकतं. आधीच दाबलं असेल तर डेस्कटॉपवर 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' नावाचा फोल्डर तयार झालेला असतो. तो जपून ठेवा.

---

गवतीचहा | दुपारी २:१५

मॅकबुक जुनं आहे, मॅकओएस १०.११. ईएसआर ७८ च्या पुढे जातच नाही. ११५ चा इन्स्टॉलर उघडतच नाही. मला फक्त यूब्लॉक ओरिजिन (जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन) हवं आहे.

---

तिठा | दुपारी २:३१

तारखेचा सल्ला मागे घेतला, शेंदरीआंबा यांचं पटलं.

@गवतीचहा, ईएसआर आहे म्हणजे सह्यांची तपासणी बंद करता येते. पत्त्याच्या पट्टीत अबाउट:कॉन्फिग, इशारा स्वीकारा, शोधात इंग्रजीत 'सिग्नेचर्स डॉट रिक्वायर्ड' लिहा. 'एक्सपीआय-इन्स्टॉल' ने सुरू होणारी ओळ 'ट्रू' असेल, ती 'फॉल्स' करा. पुन्हा सुरू करा.

---

पाटीपेन्सिल | दुपारी ३:०२

तिठा यांची कृती बरोबर आहे. कुणासाठी आणि कुठवर, हे मात्र सांगायला हवं.

ही ओळ फक्त ईएसआर, डेव्हलपर आणि नाइटली (प्रोग्रॅमर आणि चाचणी करणाऱ्यांसाठीच्या) आवृत्त्यांमध्ये मानली जाते. विंडोज-मॅकवरच्या साध्या फायरफॉक्समध्ये आवृत्ती ४८ (२०१६) पासून ती 'फॉल्स' करूनही परिणाम शून्य. म्हणजे १०० किंवा ११० वर असलेल्यांनी हा खटाटोप करू नये. नाइलाज असलेले ते हे: मॅकओएस १०.९ ते १०.११ (शेवटचं ईएसआर ७८), आणि विंडोज एक्सपी-व्हिस्टा (शेवटचं ईएसआर ५२.९).

धोका कसला? सह्यांची सक्ती आली ती इतर सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप घुसणाऱ्या टूलबार आणि हेर-अ‍ॅड-ऑनमुळे. सही बंद केली की कुठलाही प्रोग्रॅम तुमच्या प्रोफाइलमध्ये फाइल टाकून ब्राउझरमधला सगळा मजकूर वाचू शकतो, बँकेचं पानसुद्धा. ७८ ला सुरक्षेची शेवटची डागडुजी ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळाली, त्यानंतर काही नाही. त्यामुळे @गवतीचहा, यूब्लॉकपुरतं करायचं तर करा, पण त्या मशीनवर बँक, आधार, मेल काही उघडू नका. एक्स्टेन्शन फक्त मोझिलाच्या अधिकृत पानावरूनच घ्या, आणि तिथेही जुन्या ७८ वर चालणारी आवृत्ती 'सर्व आवृत्त्या' यादीतून बघून घ्या. मशीन चांगलं असेल तर त्यावर हलकं लिनक्स टाकणं हा मला जास्त टिकाऊ मार्ग दिसतो.

---

तिठा | दुपारी ३:२०

लिनक्सचा सल्ला सगळ्यांना झेपणारा नाही. घरातल्या वयस्कर माणसाला सवयीचं मशीन हवं असतं. जाहिरात-अडवणूक नसलेला जुना ब्राउझर हा सही बंद केलेल्या ब्राउझरपेक्षा जास्त धोक्याचा आहे, कारण खोट्या 'डाउनलोड' बटणांच्या जाहिराती तिथूनच येतात.

---

पाटीपेन्सिल | दुपारी ३:३४

हा मुद्दा वजनदार आहे आणि मान्य. फक्त यूब्लॉक, बाकी एकही अ‍ॅड-ऑन नाही, बँक नाही, एवढी मर्यादा पाळून तिठा यांचा मार्ग धरावा.

---

ओसरी | संध्याकाळी ५:०५

विंडोज १०, ११२ वरून १३६ झालं. तरी चारपैकी दोन एक्स्टेन्शन अजून बंद आहेत.

---

शेंदरीआंबा | संध्याकाळी ५:२८

आता त्या दोघांसमोर नेमकं काय लिहिलंय ते वाचा, कारण बंद असण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत.

(क) 'पडताळता आलं नाही': जुनी नोंद राहिली आहे, फेरतपासणी व्हायची आहे. अबाउट:कॉन्फिगमध्ये इंग्रजीत 'सिग्नेचर-व्हेरिफिकेशन' शोधा. 'अ‍ॅप डॉट अपडेट डॉट लास्टअपडेटटाइम' ने सुरू होणारी एक ओळ दिसेल. तिच्यात शेवटच्या तपासणीची वेळ सेकंदांत असते. तिथे शून्य भरा, ब्राउझर बंद करून उघडा, काही मिनिटं थांबा. तपासणी पुन्हा होते आणि सही जुळली की एक्स्टेन्शन स्वतःहून उठतं. कंट्रोल-शिफ्ट-जे दाबून ब्राउझर कन्सोल उघडा ठेवला तर कोणत्या अ‍ॅड-ऑनची सही अडली तेही दिसतं.

(ख) काहीच मजकूर नाही आणि चालू करायची कळ नुसती बंद बाजूला: ते गडबडीत तुम्हीच बंद केलं असेल. ब्राउझरने बंद केलेलं आपोआप चालू होतं, माणसाने बंद केलेलं होत नाही. कळ फिरवा.

(ग) 'या आवृत्तीशी सुसंगत नाही': सर्टिफिकेटचा संबंध नाही. अ‍ॅड-ऑनचं अपडेट शोधा किंवा पर्याय.

(घ) लाल रंगात, सुरक्षेच्या कारणाने अडवलं: बंदीयादीतलं आहे. ते परत आणायचा प्रयत्न करू नका.

---

ओसरी | संध्याकाळी ५:५०

एक (ख) निघालं, दुसरं (ग). दुसऱ्याचं नवं अपडेट मिळालं. दोन्ही सुरू. आभार.

---

जास्वंदी | संध्याकाळी ६:४०

क्रोममध्येही यूब्लॉक बंद पडलंय. तेही याच सर्टिफिकेटमुळे का?

---

पाटीपेन्सिल | संध्याकाळी ६:५२

नाही. क्रोमच्या एक्स्टेन्शनवर मुदतीचं सर्टिफिकेट नसतंच, नुसत्या किल्लीची सही असते, आणि एक्स्टेन्शनची ओळख त्या किल्लीवरूनच निघते. क्रोममधलं यूब्लॉक ओरिजिन बंद होतंय ते गूगलने मॅनिफेस्टची दुसरी आवृत्ती (एक्स्टेन्शन लिहायची जुनी पद्धत) बंद केल्यामुळे. तिथे अपडेट करून ते परत येणार नाही. दोन गोष्टी एकाच सुमारास आल्याने गोंधळ होतोय, पण हा धागा फायरफॉक्सपुरता ठेवूया.

---

कंदील | रात्री ८:१०

@शेंदरीआंबा, केबी ४४७४४१९ खरंच नव्हता. तो बसवून, मशीन पुन्हा सुरू करून, त्याच फोल्डरवर ११५.२१ चढवलं. एक्स्टेन्शन सगळी परत आली. मेनू मात्र मराठीचा इंग्रजी झाला.

---

शेंदरीआंबा | रात्री ८:२५

मराठी भाषापॅक हाही सही असलेला अ‍ॅड-ऑनच आहे आणि तो आवृत्तीशी घट्ट बांधलेला असतो. इंग्रजी इन्स्टॉलर चढवलात म्हणून जुना पॅक जुळला नाही. सेटिंग्ज, सर्वसाधारण, भाषा, तिथे 'आणखी भाषा शोधा' मधून मराठी पुन्हा घ्या. किंवा पुढच्या वेळी मराठी इन्स्टॉलरच उतरवा, मग पॅकची गरज नाही.

---

परसबाग | १६ मार्च, सकाळी ७:३५

लिनक्स आणि अँड्रॉइडवाल्यांसाठी थोडक्यात. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप (उबुंटूचा प्रोग्रॅम-पॅकेजचा प्रकार) रूपात येतं. ब्राउझर उघडा असेल तर स्नॅपचं अपडेट लांबणीवर पडतं. सगळ्या खिडक्या बंद करा, टर्मिनलमधून स्नॅपला फायरफॉक्स 'रिफ्रेश' करायला सांगा. डेबियनवर नेहमीच्या अपडेटनेच ईएसआर येतं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधून अपडेट, आकडा सेटिंग्जमधल्या 'फायरफॉक्सविषयी' मध्ये. अँड्रॉइड ५ किंवा पुढे असेल तर १२८ चालतं. ४.१ ते ४.४ वाल्यांचा शेवटचा थांबा ६८ होता, तिथे मार्ग नाही.

पेल मूनवाल्यांनी (फायरफॉक्सपासून निघालेला वेगळा ब्राउझर) घाबरायचं कारण नाही, तो मोझिलाच्या सह्या तपासतच नाही.

---

दप्तर | १६ मार्च, सकाळी ९:१५

शाळेची लॅब. विंडोज १०, २० मशिन्स, फायरफॉक्स ईएसआर ११५.८. विचित्र प्रकार असा: रोज मशीन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं एक्स्टेन्शन व्यवस्थित चालतात, मग पिवळी पट्टी येऊन बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. अपडेट केलं तरी दुसऱ्या दिवशी ११५.८ च.

---

पाटीपेन्सिल | १६ मार्च, सकाळी ९:४२

@दप्तर, मशीन बंद केल्यावर डिस्क मूळ स्थितीला नेणारं 'फ्रीझ' सॉफ्टवेअर बसवलेलं आहे ना? मग सगळं जुळतं.

फ्रीझ केलं तेव्हाचं प्रोफाइल रोज परत येतं. त्यात सगळी एक्स्टेन्शन 'चालू' अशी नोंद आहे, आणि शेवटच्या तपासणीची वेळही तेव्हाचीच, म्हणजे २४ तासांपेक्षा कितीतरी जुनी. म्हणून उघडल्यावर चालू दिसतात. काही मिनिटांत राहून गेलेली तपासणी होते, मूळ सर्टिफिकेट संपलेलं सापडतं, बंद. रात्री सगळं पुसलं जातं, सकाळी तोच खेळ. अपडेटही त्यातच पुसलं जातं.

क्रम असा ठेवा:

१. एका मशीनवर फ्रीझ काढा. फायरफॉक्स बंद ठेवून पूर्ण प्रोफाइल फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. 'कंटेनर्स डॉट जेसन' त्यात आल्याची खात्री करा. २०१९ मध्ये कंटेनरचं (साइट एकमेकींपासून वेगळ्या कप्प्यांत ठेवणारं) एक्स्टेन्शन बंद पडल्यावर अनेकांची कंटेनरची मांडणी गेली होती, ती प्रत नसल्यामुळे परत मिळाली नाही.

२. पत्त्याच्या पट्टीत अबाउट:पॉलिसीज बघा. 'अपडेट बंद' हे धोरण लावलेलं असेल तर ते काढा. ते इन्स्टॉल-फोल्डरमधल्या 'डिस्ट्रिब्युशन' उपफोल्डरच्या 'पॉलिसीज डॉट जेसन' मध्ये किंवा ग्रुप पॉलिसीत असतं.

३. विंडोज १० असल्यामुळे ईएसआर १२८ चा पूर्ण इन्स्टॉलर त्याच फोल्डरवर चढवा. एका मशीनवर जमलं की बाकीच्यांवर इन्स्टॉलरला 'स्लॅश एस' हा स्विच देऊन प्रश्न न विचारता बसवता येतं. एस मोठ्या लिपीतला.

४. आता घाईने फ्रीझ करू नका. मुलांचं लॉगिन वापरून फायरफॉक्स उघडा, वरची (क) मधली शून्याची कृती करा, दहा मिनिटं उघडं ठेवा. एक्स्टेन्शन टिकून राहिली की ब्राउझर नीट बंद करा. नवी पडताळणी प्रोफाइलमध्ये लिहिली जाते ती यातूनच. वेगवेगळी लॉगिन असतील तर प्रत्येकासाठी हे करावं लागेल.

५. मशीन एकदा पुन्हा सुरू करून तपासा, मगच फ्रीझ.

---

दप्तर | १६ मार्च, दुपारी १:२०

फ्रीझच होतं. पहिल्या मशीनवर जमलं. ग्रुप पॉलिसीत अपडेट बंद ठेवलं होतं, तेही काढलं. प्रश्न: फ्रीझ असताना अपडेट चालू ठेवलं तर रोज २० मशिन्स तेच अपडेट पुन्हा पुन्हा उतरवतील ना?

---

शेंदरीआंबा | १६ मार्च, दुपारी १:४१

हो, उतरवतील, आणि लॅबचं नेट त्यातच जाईल. म्हणून धोरणाने अपडेट बंद ठेवणं लॅबपुरतं ठीक आहे, पण मग ते हाताने करायची तारीख ठरलेली हवी. ईएसआरची नवी डागडुजी साधारण चार आठवड्यांनी येते. बहुतेक फ्रीझ सॉफ्टवेअरमध्ये 'देखभालीची वेळ' ठरवता येते: महिन्यातून एका रविवारी दोन तास फ्रीझ आपोआप निघतं आणि परत लागतं. त्या वेळात विंडोजचं आणि फायरफॉक्सचं अपडेट दोन्ही होऊ द्या, ब्राउझर एकदा उघडून बंद करा. ते जमत नसेल तर इन्स्टॉलर एकदाच उतरवून सामायिक फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथून 'स्लॅश एस' ने चढवा.